देव पाण्यात होते तेव्हा

देव पाण्यात ठेवून बसलेत, असं आपण मराठीत उठसूट म्हणतो. क्रिकेटच्या सामन्यासाठी म्हणतो, निवडणुकीच्या निकालासाठी म्हणतो, आणि म्हणणाऱ्याच्या घरातले देव देव्हाऱ्यातच आरामात बसलेले असतात. माझ्या आईने ते खरोखर पाण्यात ठेवले होते. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, स्टीलच्या पातेल्यात, माझ्या नोकरीसाठी. अडीच महिने ते तिथे होते. त्यातले पहिले आठच दिवस खरे होते, पुढचे सगळे माझ्यामुळे वाया गेले. हे तेव्हा एकट्या मला माहीत होतं आणि मी गप्प होतो.

दिवाळीचा फराळ डब्यात होता तेव्हाच माझी नोकरी गेली. नोएडातल्या एका कंपनीत मी चौदा वर्षं होतो. रोज मेट्रोच्या ब्लू लाइनने या टोकाकडून जवळजवळ त्या टोकाला जायचं आणि यायचं. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. सकाळी मीटिंगमध्ये सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत मागितला. मी पन्नाशीला टेकलेलो, हाताखाली चाळीस माणसं. बायको शाळेत शिकवते, मुलगी बंगळूरला शिकते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चूल बंद पडणार अशी गत नव्हती. पण चौदा वर्षं साहेब म्हणवून घेतलेल्या माणसाला सकाळी दहा वाजता सोसायटीच्या बागेत बसायची वेळ आली की त्याचं डोकं ताळ्यावर राहत नाही. निदान माझं राहिलं नाही.

आई पुण्याहून आमच्याकडे आली ती वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी. तेव्हा तिने सोबत दोन बॅगा आणि देव आणले. गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, तिन्ही पितळी, तिन्ही मुठीत मावतील एवढे. पर्समध्ये शालीत गुंडाळून आणले होते. विमानतळावर तपासणीवाल्याने ते बाहेर काढायला लावले तेव्हा तिने त्याला आधी हात धुऊन ये म्हणून सांगितलं होतं, चक्क मराठीत. तो खरंच गोंधळून हात पुसायला लागला. आईच्या स्वभावाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

नोकरी गेल्याचं तिला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, तिने तिघांना पातेल्यात ठेवलं आणि बुडतील इतकं पाणी ओतलं. मग देवांना सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात, की याला नोकरी मिळेपर्यंत मी तुम्हाला बाहेर काढणार नाही. आणि स्वतःचा चहा सोडला. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, चहाशिवाय जिचा डोळा धड उघडत नसे, ती सकाळी गरम पाण्याचा पेला घेऊन बसायला लागली.

मी हसलो. नोकरीच्या मुलाखती देव घेतात का, असं काहीतरी तिरसट बोललो. ती म्हणाली, तू अर्ज करायचं काम कर, मी माझं करते. देवाधर्मात मला कधी फारसा रस नव्हता. आईच्या श्रद्धेकडे मी तिच्या गुडघेदुखीकडे बघावं तसं बघायचो. आहे, वयानुसार असणारच, आपण सांभाळून घ्यायचं.

रोज सकाळ-संध्याकाळ ती पाणी बदलायची. नोव्हेंबर संपता संपता गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं गार होतं की भांडी घासणारी बाई नळ सोडायच्या आधी देवाचं नाव घेते. आई त्या पाण्यात हात घालून एकेका देवाला बाहेर काढायची, अंगठ्याने चोळायची, परत ठेवायची. तिच्या बोटांची पेरं आधीच सुजलेली. बायको म्हणाली, आई, मी करते. तर म्हणे, मागणं माझं आहे, हात माझेच लागले पाहिजेत.

त्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंची भर. त्यांच्या घरी लड्डू गोपाल, म्हणजे रांगता बाळकृष्ण, आहेत. दिल्लीत थंडी पडली की गोपाळांना लोकरीचा झगा, टोपी, छोटी रजई असा सगळा सरंजाम असतो. या बाई एके दिवशी वाटी परत करायला आल्या आणि त्यांनी पातेल्यातला बाळकृष्ण पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “माताजी, ठाकुर जी को इतनी ठंड में पानी में रखा है?” असं त्या विचारत राहिल्या आणि आई आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना समजावत राहिली की हा छळ नाही, हट्ट आहे, मूल नाही का आईपाशी हट्ट करत. बाईंना ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गोपाळाची जुनी टोपी घेऊन आल्या. पाण्यातल्या देवाला लोकरीची टोपी घालायची कशी, या प्रश्नावर दोघींनी बराच वेळ खल केला.

पण आईच्या मनाला ते लागलं असावं. त्यानंतर ती पाण्यात गीझरचं एक मग पाणी मिसळायला लागली. मला ओशाळून म्हणाली, यात जरा लबाडी आहे, त्यांना थोडी अडचण व्हायला हवी, नाहीतर ते घाई कशाला करतील. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा मी मोकळेपणाने हसू शकलो, आणि याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण तोपर्यंत तो फोन येऊन गेला होता.

फोन आठव्या दिवशी आला. दिवस पक्का आठवतो, कारण त्या सकाळी आईने गणपतीला बजावलं होतं की आज आठवा दिवस, लक्षात आहे ना. मी साडेअकराच्या सुमारास सोसायटीच्या बागेत उन्हात बसलो होतो. फोन करणारा मुलगा म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस. मुलगा म्हणतोय, पण चाळिशीचा आहे. तीन वर्षांपूर्वी सोडून गेला होता आणि आता नोएडातच एका छोट्या कंपनीत मोठ्या पदावर होता. अजूनही मला सर म्हणत होता. म्हणाला, सर, आमच्याकडे जागा आहे, मी वर बोललोय, मुलाखत नुसती नावाला, तुम्ही सोमवारी या. पद आधीपेक्षा खालचं होतं. आणि मला ज्याच्या हाताखाली काम करायचं होतं तो हाच होता.

त्याने ते इतक्या अदबीने सांगितलं की मला जास्तच झोंबलं. मी विचार करून सांगतो म्हटलं. मग अर्धा तास बागेला फेऱ्या मारल्या आणि त्याला मेसेज पाठवला की माझं दुसरीकडे जवळजवळ ठरलं आहे, तुझे आभार. दुसरीकडे काहीही ठरलेलं नव्हतं. मला खात्री होती की आठव्या दिवशी एक नोकरी आली तर महिन्याभरात चार येतील, आणि त्या मला शोभतील अशा असतील. वर गेलो तेव्हा आई पोथी बाजूला ठेवून पोळ्या लाटत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काही नाही म्हटलं.

चार आल्या नाहीत. एकही आली नाही. डिसेंबरमध्ये मी लाज सोडून त्या मुलाला फोन केला, सहज चौकशी करतोय असं भासवून. त्याने जागा भरल्याचं सांगितलं आणि माझ्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन केलं.

त्यानंतर मी घरात दिवसभर राहणं टाळायला लागलो. इस्त्रीचा शर्ट घालायचो, कुणाला तरी भेटायचंय म्हणायचो, आणि मेट्रोत बसून कुठेतरी जाऊन यायचो. संध्याकाळी परतलो की आई काही विचारायची नाही. माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघायची आणि पाणी बदलायला उठायची. तिने विचारलं असतं तर मला चिडता आलं असतं. ती विचारत नव्हती म्हणून मी उगाच जेवणात मीठ कमी आहे म्हणून चिडायचो.

जानेवारीतल्या एका दुपारी, बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, आम्ही दोघं बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. आई मध्येच थांबली. तिला म्हणे आता समजलं होतं की देव का ऐकत नाही. मी नेहमीसारखं काहीतरी थट्टेचं बोलणार होतो, पण तिचा आवाज वेगळा होता.

वडील शेवटचे सात महिने अंथरुणावर होते. मी दिल्लीत, महिन्यातून एकदा जाऊन दोन दिवस राहून परत यायचो. बाकी सगळं आईने केलं. त्यांना वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं. शेवटी शेवटी ते तिला ओळखत नव्हते, कधी हात उगारायचे. आई म्हणाली, एका सकाळी पूजा करताना तिच्या तोंडून गेलं, आता सोडव रे. कुणाला सोडव, ते तिने म्हटलं नव्हतं. यांना की मला, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी वडील गेले.

“ते त्याने लगेच ऐकलं,” आई म्हणाली. “मी नवऱ्याचं मरण मागितलं आणि त्याने दिलं. आता मुलासाठी मागितलं तर तो का म्हणून देईल? माझ्यामुळे तुझं अडलंय.”

चार वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. ती रडत नव्हती. शेंगा सोलत होती आणि एक दाणा खाली पडला तर वाकून उचलत होती.

मला त्या क्षणी फक्त दोन वाक्यं बोलायची होती. आई, नोकरी आली होती, मी नको म्हटलं. बस, एवढंच. माझ्या ओठावर आलं होतं असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण खरं सांगायचं तर आलं नव्हतं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की हे बायकोला कळलं तर काय होईल. मी आईच्या पाठीवर हात ठेवला, असं काही नसतं गं, असं म्हणालो, आणि मटाराचं भांडं उचलून आत ठेवायला गेलो. ती बिचारी मला समजूतदार समजली.

दुसऱ्या दिवसापासून तिने एकवेळ जेवायला सुरुवात केली. पाप माझं तर कष्टही मीच वाढवले पाहिजेत, असा तिचा साधा हिशोब. बायकोने समजावलं, समोरच्या बाईंनी समजावलं, मी तर रोज तावातावाने समजावत होतो. देहाला असं छळून देव पावतो का, वगैरे. माझं व्याख्यान ऐकून बायको एकदा म्हणाली, तुम्ही इतकं छान बोलता, आईंना खरं तर पटायला हवं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

एकवेळ जेवण्याच्या नवव्या दिवशी सकाळी आईला पाणी बदलताना चक्कर आली. ओट्याचा कोपरा धरून ती खाली बसली. नशीब म्हणून कुठे लागलं नाही. पातेलं मात्र कलंडलं, सगळ्या लादीवर पाणी झालं आणि बाळकृष्ण घरंगळत फ्रीजखाली गेला. मी धावलो तर ती मला म्हणाली, आधी त्याला काढ, तो तिथे पडलाय, मला काही झालेलं नाही. मी लादीवर पालथा पडून, हातात झाडू घेऊन, फ्रीजखालून देव बाहेर ओढत होतो, आणि मागे आई कापऱ्या आवाजात त्याची क्षमा मागत होती. तिचं चुकलं, तिचा हात सुटला, तिचंच सगळं चुकतंय, असं ती त्याला सांगत होती.

सोसायटीतल्या डॉक्टरांनी तपासलं. अशक्तपणा आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवा, म्हणाले. आईने मान डोलावली आणि मला मराठीत सांगितलं की देव बाहेर आले की जेवेन.

त्या संध्याकाळी मी सांगितलं. बायको शाळेतून येऊन चहा घेत होती, आई सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. मी उभ्यानेच बोललो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. आठव्या दिवशी फोन आला होता. नोकरी होती. मी नको म्हटलं, कारण माझ्या हाताखालचा माणूस माझा साहेब झाला असता. बायको कप खाली ठेवून आत गेली. पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि ती शिक्षा मला सौम्यच वाटली.

आईने पांघरूण बाजूला सारलं. मग तिने विचारलं, “किती वाजता आला होता?”

मी म्हटलं, साडेअकरा असतील.

“म्हणजे मी पोथी वाचत होते तेव्हा.” ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. “म्हणजे ऐकलं होतं त्याने. आठ दिवसांत ऐकलं.” आणि मग तिला रडू फुटलं. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. “त्याचा राग नव्हता रे माझ्यावर,” ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा तेच.

मी बोलणी खायला तयार होऊन उभा होतो. तिने मला एक वाईट शब्द ऐकवला असता तर मी तिच्या पाया पडलो असतो. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि देव पाण्यातून काढायला लागली. मी मागे गेलो. मला वाटलं तिला नीट समजलेलं नाही. म्हणालो, आई, नोकरी अजून मिळालेली नाही.

“त्याने दिली होती. तू घेतली नाहीस,” ती म्हणाली. “आता परत मी कुठल्या तोंडाने मागू?”

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तिने तिघांना मऊ फडक्याने पुसलं, उगाच बसवलं रे तुम्हाला इतके दिवस, असं त्यांना म्हणाली, गंध लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मग स्वतः पानावर बसून वरणभात जेवली. पुढे माझ्या नोकरीसाठी तिने देवाकडे शब्दही टाकला नाही. नोकरी मला एप्रिलमध्ये लागली, बागेत नाकारली होती तिच्याहूनही लहान, आणि मी निमूट घेतली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. जेवण झाल्यावर आईने पुण्याला मावशीला फोन लावला. आईला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज चढलेला. मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो, दार उघडंच होतं. आई सांगत होती की अगं, आठव्या दिवशीच नोकरी आली होती, मी पोथी वाचत होते आणि इकडे याचा फोन वाजत होता. मावशीने साहजिकच विचारलं. मग घेतली का नाही त्याने? आईने तेही सांगितलं, काही न लपवता. हाताखालच्या माणसासकट सगळं. माझी लाज वाटून नव्हे, चीड येऊनही नव्हे. नंतर मामेबहिणीला तेच सांगितलं, मग पुण्यातल्या जुन्या शेजारणीला. दर खेपेला ती जास्तच खुलून सांगत होती. प्रत्येक फोनवर पलीकडून माझ्याबद्दल काहीतरी कडक बोललं जायचं, आणि प्रत्येक वेळी आई ते अर्ध्यात तोडायची.

“अगं, याचं राहू दे,” ती म्हणायची. “देवाने ऐकलं होतं की नाही, ते सांग.”